तीन जेम्स स्मिथ आणि आमच्या घरमालकीणबाई

अन्याय झाला तो जेम्स स्मिथ, जेम्स स्मिथ आणि जेम्स स्मिथ या तिघांवर. कधी झाला तेही सांगते, कारण दिवस-वेळ न सांगता अन्यायाबद्दल बोलणाऱ्यांचा मला राग येतो: गेल्या वर्षी मार्चमधल्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी सव्वाअकरा वाजता, लंडनच्या हॅरो भागातल्या एका स्वयंपाकघरात, चहाच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या टॅबलेटवर. तिघंही मच्छीमार होते, तिघंही एकाच होडीवर होते, आणि व्हिक्टोरिया राणीच्या काळात एका दुपारी स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यासमोर तिघंही एकदमच बुडाले होते. त्यांच्या गावात आता त्या होडीच्या स्मरणार्थ दगड उभा राहायचा होता, आणि दगडाचा जो नमुना ईमेलने आला त्यावर सात खलाशांऐवजी पाच नावं होती. जेम्स स्मिथ एकदाच. हे तिघं माझे कोणी लागत नाहीत. आमच्या घरमालकीणबाईंचे लागतात. आणि आमच्या घरमालकीणबाईंइतकी माणसामाणसांत फरक करणारी बाई उभ्या इंग्लंडात नाही, हे मी लेखी द्यायला तयार आहे.

घरमालक या जमातीबद्दल माझं मत छापील स्वरूपात उपलब्ध आहे. मी भाडेकरूंच्या एका संघटनेचं काम करते. पाच दिवस ऑफिस, आणि शनिवारी सकाळी स्टेशनबाहेर पत्रकं. भिंतीतली ओल, बंद पडलेला बॉयलर, थंडीत घराबाहेर काढलेली कुटुंबं, हे माझे विषय. त्यामुळे मी स्वतः एका मराठी बाईंच्या वरच्या खोलीत भाड्याने राहते आणि त्यांच्याविरुद्ध माझी एकही तक्रार नाही, ही गोष्ट मी संघटनेत बरेच दिवस लपवून ठेवली होती. बाई मूळच्या नागपूरच्या, वय चौऱ्याहत्तर, उंची माझ्या खांद्याएवढी. मी राहायला गेले त्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझं पत्रक चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, मग जिना चढून माझ्या खोलीत आल्या आणि चारही भिंतींवरून तळहात फिरवायला लागल्या. मी विचारलं, काकू, काय झालं. "तूच लिहिलं नं, घरमालक ओल तपासत नाहीत म्हणून. तपासून राहिली." त्या दिवसापासून त्या मला 'चळवळ' म्हणू लागल्या. चळवळ, चहा घे. चळवळ, तुझे मोजे वाळले. आणि ऑफिसातून मी कोणावर तरी चिडून आले की जिन्याखालून, "चळवळ, आज कोणाला खाल्लं?"

बाईंनी सगळी नोकरी इथल्या इस्पितळांत नर्स म्हणून काढली. एका वॉर्डात एकाच नावाचे दोन पेशंट आले की दोघांच्या फाइलींवर लाल पट्टी चिकटवायची, आणि औषध देण्याआधी दर वेळी नाव आणि जन्मतारीख पेशंटच्याच तोंडून वदवून घ्यायची, असा त्यांच्या वॉर्डाचा नियम. बाकीच्या नर्स निवृत्त होताना तो नियम इस्पितळात ठेवून येतात. बाई घरी घेऊन आल्या. माझं डोकं दुखत होतं, गोळी मागितली, तर दोन वर्षं एका छपराखाली राहूनही आधी "जन्मतारीख?" आणि मग गोळी. कुरिअरवाल्याने दारात "मिसेस स्मिथ?" विचारलं की त्या उलट विचारत, "कोणती?", आणि तो बिचारा पावसात उभा राहून पार्सलवरचा सगळा पत्ता मोठ्याने वाचून दाखवी. एकदा गणपतीत हॉलमध्ये माइकवरून कोणीतरी सांगितलं की कुलकर्णींनी आपली गाडी गेटसमोरून काढावी. बाई प्रसादाची रांग सोडून माइकपाशी गेल्या आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अहो, इथे नऊ कुलकर्णी बसले आहेत. चुकीच्या कुलकर्ण्याचं ऑपरेशन झालं म्हणजे?" गाडी शेवटी एका पाटलांची निघाली.

मिस्टर स्मिथ त्यांना इस्पितळाच्या लिफ्टमध्ये भेटले. ते लिफ्ट दुरुस्त करत होते. स्कॉटिश, सहा फूट, बोलणं कमी. बाईंनी नागपूरच्या घराशी भांडण करून त्यांच्याशी लग्न केलं, आणि त्या भांडणात सगळ्या रीती मोडल्या, एक सोडून. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. चौदा वर्षांपूर्वी ते गेले, तरी अजून ते 'आमचे हे'च. डॉक्टरच्या खिडकीवर, कौन्सिलात, कुठेही नवऱ्याचं नाव विचारलं की बाई कागद मागून घेतात आणि लिहून देतात. फोनवर तर त्या अक्षरं सुटी सुटी सांगतात; सुट्या अक्षरांना त्यांच्या मते नाव म्हणत नाहीत. त्यांचं नाव जेम्स स्मिथ होतं हे मला दिवाणखान्यातल्या त्यांच्या निवृत्तीच्या मानपत्रावरून कळलं.

हे गेल्यावर बाईंनी त्यांचे पूर्वज शोधायला घेतले. ह्यांना स्वतःला त्याची हौस नव्हती. "आमच्याकडे सगळेच जेम्स स्मिथ, शोधायचं काय?" असं ते म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. त्या किनाऱ्यावर थोरल्या मुलाला आजोबांचं नाव ठेवायची चाल. एका जेम्स स्मिथला तीन मुलगे झाले, तिघांनी आपापल्या थोरल्याचं नाव जेम्स ठेवलं, आणि हे तीन चुलतभाऊ घरच्याच होडीवर मासेमारीला गेले. जुन्या नोंदींत ते तिघं साखरेच्या तीन खड्यांसारखे एकमेकांत विरघळलेले. दुसरं कोणी असतं तर सोडून दिलं असतं. बाईंची अडचण तर दुहेरी, कारण ज्यांना शोधायचं त्यांचं नाव तोंडाने घ्यायचं नाही. त्या अडचणीनेच त्यांना वाट दाखवली. स्कॉटलंडच्या जुन्या नोंदींत बाईचं माहेरचं आडनाव लग्नानंतरही, मेल्यानंतरही तिच्याजवळ राहतं. मुलाच्या जन्माच्या नोंदीत, सुनेच्या लग्नाच्या नोंदीत ते परत परत येतं. तेव्हा बाईंनी त्या तिघांना त्यांच्या बायकांवरून हाका मारायला सुरुवात केली. मार्गारेटचा, इझाबेलाचा, एल्स्पेथचा. मला समजावताना म्हणाल्या, "पुरुष सगळे सारखेच असतात गं. ओळखायचे ते बायकांवरून."

मागच्या खोलीत त्यांनी कपड्यांच्या तीन दोऱ्या बांधल्या होत्या. प्रत्येक बायकोची एक दोरी, आणि दोरीवर चिमट्यांनी लावलेल्या चिठ्ठ्या: जन्म, लग्न, पोरं, जनगणनेच्या रात्री कोण कुठे झोपलं होतं. प्रत्येक चिठ्ठीच्या कोपऱ्यात लाल पट्टी. खिडकी उघडायची नाही, पंखा लावायचा नाही. एकदा एक चिठ्ठी चुकीच्या दोरीवर गेली आणि दोन वर्षं मार्गारेटच्या दोरीवर एल्स्पेथचं पोर वाळत राहिलं. ते उमगलं त्या दिवशी बाई जेवल्या नाहीत. आणि ते पोर साधंसुधं नव्हतं. होडी बुडाली तेव्हा एल्स्पेथला दिवस गेलेले होते. बाकी दोघांची प्रेतं किनाऱ्याला लागली, त्यांच्या मृत्यूची नोंद झाली. एल्स्पेथच्या नवऱ्याचं काहीच सापडलं नाही. त्याला कबर नाही, मृत्यूची नोंद नाही. फक्त चार महिन्यांनी झालेल्या त्या मुलाच्या जन्माच्या नोंदीत बापाच्या नावापुढे कंसात एक शब्द आहे: मृत. ते मूल म्हणजे 'आमच्या ह्यां'चे आजोबा. म्हणून बाईंना तो दगड हवा होता. जगात कुठेतरी एका जागी त्या माणसाचं नाव, तो गेला म्हणून, लिहिलेलं असावं.

फेब्रुवारीत गावच्या स्मारक समितीने वंशजांकडून नावं मागवली. बाईंनी सातही खलाशांची यादी हाताने लिहिली आणि माझ्याकडे दिली. मी ती समितीच्या तक्त्यात टाइप करून पाठवली.

त्याच हिवाळ्यात बाई थोड्या विसरू लागल्या होत्या. म्हणजे वरणाला दोनदा फोडणी, किंवा केमिस्टकडून परतताना बस दोन स्टॉप पुढे. मला त्यात काही वाटलं नाही. मी स्वतः आठवड्यातून एकदा बसमध्ये पुढे जाते. पण मेडनहेड गावी राहणारी त्यांची मुलगी, जन्मापासून इथेच वाढलेली, फोनवर तिच्या मराठीत मला म्हणाली, "आईचा मेमरी बरोबर नाही आहे. तू बघते ना रोज? मला खरा सांग." तिने डॉक्टरकडे तपासणीची वेळ घेतली होती आणि आईने आता हॅरोचं घर बंद करून आपल्याकडे यावं असं तिचं म्हणणं होतं. वाईट मुलगी नाही. घाबरलेली होती. बाई तिच्यापुढे हसून म्हणायच्या, "माझी मेमरी तपासायची असेल तर तिला म्हणा, एल्स्पेथच्या सासूचं माहेर विचार." पण फोन ठेवल्यावर त्या गॅस बंद आहे का ते दोनदा बघून यायच्या. ते मी पाहिलं होतं.

आणि मग तो मंगळवार. मी घरून काम करत होते. खालून हाक आली नाही म्हणून मीच चहाला खाली उतरले. बाई टॅबलेटसमोर उभ्या होत्या. त्यांनी बोट लावून नावं मोजली, पाच. पुन्हा मोजली. मी मोजली. मी म्हटलं, हे काय आहे, दोघं कुठे गेले. बाई एकदम लहान आवाजात म्हणाल्या, "माझ्याच हातून झालं असेल. मीच एकदा लिहिलं असेल नाव." मी म्हटलं, शक्य नाही. "मग माझा कागद कुठे आहे? मी लिहिलेला?" आम्ही तो कागद शोधला. दोऱ्यांवर, खणांत, देवघरात, शेवटी बाईंनी फ्रीजरसुद्धा उघडून बघितला. कागद नव्हता. त्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "बघ. कुठे ठेवला तेही आठवून नाही राहिलं."

माझं डोकं फिरलं. मला हे दृश्य ओळखीचं होतं. ज्यांच्या हातात शिक्का असतो ते चूक करतात, आणि ज्याच्यावर अन्याय होतो तो म्हणतो माझंच काही चुकलं असेल. हे मी दर शनिवारी ऐकते. मी बाईंना सांगितलं, काकू, तुमची काही चूक नाही, हे त्या समितीने केलंय. दुपारपर्यंत मी पत्रक तयार केलं. मथळा होता: 'तीन माणसं बुडाली. तुम्ही दोघांना परत बुडवलंत.' मग समितीच्या सेक्रेटरींना पत्र. त्या पत्रात बेपर्वाई, गरिबांचा इतिहास पुसणं आणि वृद्ध विधवेचा अपमान हे तिन्ही शब्दप्रयोग पहिल्या परिच्छेदात आहेत. पत्राची प्रत मी गावच्या चर्चला, वाचनालयाला आणि दोन वर्तमानपत्रांना पाठवली. बाईंनी ते वाचून एवढंच विचारलं, "आधी त्यांना नुसतं विचारलं असतं तर?" मी म्हटलं, काकू, नुसतं विचारलेल्याला कोणी उत्तर देत नाही.

उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं, आणि फार सभ्य होतं. गैरसमज झाला असावा. शुक्रवारी सकाळी चर्चच्या हॉलमध्ये समिती बसते आहे. दुपारपासून अक्षरं कोरायला सुरुवात होईल. त्याआधी येता आलं तर बरं. गुरुवारी आम्ही किंग्ज क्रॉसहून अ‍ॅबरडीनच्या गाडीत बसलो. माझ्या पाठपिशवीत पत्रकांचा गठ्ठा, बाईंच्या मांडीवर दशम्यांचा डबा आणि कापडी पिशवीत तीन दोऱ्यांवरच्या सगळ्या चिठ्ठ्या.

यॉर्क सोडल्यावर माझ्या फोनवर सेक्रेटरींची आणखी एक ईमेल आली. 'तुमच्या सोयीसाठी मूळ यादी सोबत जोडत आहे.' मी उघडली. तक्ता माझा होता. फाइल कोणी बनवली, तिथे माझं नाव होतं. पाच ओळी होत्या. आणि मला तो रविवार जसाच्या तसा आठवला. याचिकेवर सह्या गोळा करणाऱ्या माणसाला एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकवतात: एकच नाव दोनदा आलं की ते काढायचं, नाहीतर समोरचे म्हणतात सह्या खोट्या आहेत. मी दर आठवड्याला ते करते. नावाचा रकाना निवडायचा, एक बटण दाबायचं, आणि तक्ता सांगतो किती ओळी काढल्या. त्या रविवारी मी बाईंची सात नावं टाइप केली, सवयीने रकाना निवडला, बटण दाबलं. 'दोन ओळी काढल्या' असं आलं, आणि मला काम नीटनेटकं झाल्याचं समाधान वाटलं, हेही आठवलं. मग मी बाईंचा कागद रद्दीच्या निळ्या डब्यात टाकला.

तेव्हा वरची वेळ मी दुरुस्त करते. अन्याय मंगळवारी झाला नव्हता. तो फेब्रुवारीतल्या शेवटच्या रविवारी दुपारी चारच्या सुमाराला झाला, माझ्या खोलीत, माझ्या बोटाने.

बाई खिडकीबाहेर बघत होत्या. मी फोन पालथा ठेवला. बाईंनी माझ्याकडे निरखून बघितलं, पर्समधून आवळासुपारी काढली आणि माझ्या हातावर ठेवली. "गाडी लागली का तुला?" मी मान हलवली. न्यूकॅसल गेलं. मी मनात वाक्यं जुळवत होते आणि ती सगळी पत्रकातल्यासारखी होत होती, 'चूक झाली आहे', 'नावं वगळली गेली आहेत', जणू त्या वाक्यांत माणूस कोणी नव्हताच. सीमा ओलांडली तेव्हा बाईंनी डबा उघडून मला दशमी दिली आणि सहज बोलावं तशा म्हणाल्या, "मी ठरवलं. मेडनहेडला जाते. तपासणी पण करून घेते. ती म्हणते ते खरंच असेल." मी विचारलं, काहून? नागपूरचा शब्द माझ्या तोंडातून कसा आला कोणास ठाऊक. "बारा वर्षं मी तिघांना वेगळं करून राहिली, आणि पाठवताना एकच लिहून पाठवला. नर्स असते तर मला कामावरून काढलं असतं. या चिठ्ठ्या आता कोणाच्या तरी हातात देते, माझ्या हातात नको." डावीकडे समुद्र होता की उजवीकडे, मला आज सांगता येणार नाही. मी ती दशमी हातात धरून एडिंबरापर्यंत गेले आणि बोलले नाही. बोलले नाही, हे मी इथे कर्तरी वाक्यात लिहिते आहे.

शुक्रवारी सकाळी हॉलमध्ये टेबलाभोवती तिघं होते. सेक्रेटरी, निवृत्त शिक्षक, लोकरी टाय. एक कोणी समितीच्या बाई, ज्यांनी आम्हाला चहा दिला. आणि दगड कोरणारी, चाळिशीची, केसांत पांढरी धूळ, हातातली फूटपट्टी न ठेवता बसलेली. सेक्रेटरींच्या समोर माझं पत्र होतं. त्यांनी ते उलटं करून ठेवलं आणि बाईंशी फार हळू, फार गोड बोलायला लागले. माझ्याशी बोलले असते तर मला चाललं असतं. "मिसेस स्मिथ, यादीत एकच नाव आहे, आणि आता तुम्ही तीन म्हणता. रागावू नका. आमच्याही वयाला असं होतं. कालचं आठवतं का परवाचं, कळत नाही. तीन एकसारखी नावं दगडावर घालायची तर आम्हाला खात्री हवी."

"बरोबर आहे तुमचं," बाई म्हणाल्या. "माझं डोकं आता पहिल्यासारखं नाही." आणि त्यांनी मान हलवली. ती मान हलताना मी पाहिली. बाईंना हार मानायला लावायची, बारा वर्षांत कोणालाही न जमलेली गोष्ट त्या माणसाच्या गोड आवाजाने आणि माझ्या गप्प बसण्याने मिळून केली होती.

मी उभी राहिले. उभं राहायची गरज नव्हती, सवय. म्हटलं, यादी मी पाठवली. यांनी सात लिहिले होते. दोन मी काढले. एकसारखी नावं दिसली की काढायची मला सवय आहे. यांचा कागद मी रद्दीत टाकला, आणि मंगळवारी यांच्याबरोबर तोच कागद फ्रीजरमध्ये शोधला. हे मला कालपासून माहीत आहे. तुमच्या समितीने काही केलेलं नाही, पत्रात मी लिहिलं ते सगळं खोटं आहे.

बाईंनी माझ्याकडे बघितलंच नाही. त्यांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली, चिठ्ठ्यांची पिशवी उघडली नाही, आणि बोटं टेबलावर एकेक टेकवत सेक्रेटरींना सातही खलाशी सांगायला सुरुवात केली. जन्मतारीख, आईचं माहेरचं आडनाव, बायकोचं माहेरचं आडनाव, मुलं किती, त्यातली किती जगली. पहिला, दुसरा, तिसरा. सेक्रेटरी दोनदा पेन्सिल शोधायला थांबले, बाई थांबल्या नाहीत. सातव्याशी आल्यावर म्हणाल्या, "आणि हा एल्स्पेथचा. याचं काही सापडलं नाही. म्हणून मी आले."

तेव्हा दगड कोरणारी पहिल्यांदा बोलली. "तीन ओळी सारख्या आल्या तर लोक म्हणतील माझ्याकडून चूक झाली. आणि दगडावरचं परत पुसता येत नाही. वेगळं काय घालायचं ते आत्ता सांगा." सेक्रेटरी म्हणाले, वय घालू. बाई म्हणाल्या, दोघं एकाच वर्षीचे. होडीतली कामं? तिघंही जाळंच ओढत. मग बाईंना प्रश्नच कळला नसल्यासारखं त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. "बायकोचं नाव घाला नं. मी बारा वर्षं दुसरं काय करून राहिली?" कोरणारीने पट्टी कागदावर ठेवली, अक्षरं किती बारीक करावी लागतील ते मोजलं, आणि म्हणाली, बसतं. त्या दुपारी तिने आखलेल्या सात ओळींतल्या तीन ओळींत नवऱ्यांच्या शेजारी मार्गारेट, इझाबेला आणि एल्स्पेथ आपापल्या माहेरच्या आडनावांसकट उभ्या राहिल्या.

परतीच्या गाडीत बाई माझ्याशी बोलल्या नाहीत. डबा उघडला, स्वतः खाल्लं, झाकण लावलं. एडिंबरा गेल्यावर मी म्हटलं, काकू, चिडा, पण बोला. त्यांनी चष्मा काढून पुसला. "चूक झाली त्याचं मला काही नाही. वॉर्डात माझ्या हातून पण झाल्या. पण यॉर्कपासून तुला माहीत होतं. आणि मी तुझ्यासमोर स्वतःला वेडी म्हणून राहिली होती, आणि तू माझी दशमी खात होतीस." मी म्हटलं, खाल्ली नाही, हातात होती. "ते पण पाहिलं मी," त्या म्हणाल्या. "वाया घालवलीस." न्यूकॅसलला त्यांनी एक आवळासुपारी माझ्याकडे सरकवली, हातावर ठेवली नाही, टेबलावर सरकवली. सेक्रेटरींना, चर्चला, वाचनालयाला आणि दोन्ही वर्तमानपत्रांना मी माफीचं पत्र त्यांच्यासमोर बसून लिहिलं. त्यांनी ते तपासलं आणि एक शब्द खोडायला लावला. तो शब्द 'अनवधानाने' होता.

आता बाई मेडनहेडला असतात. लगेच नाही, पुढच्या हिवाळ्यात गेल्या, स्वतः ठरवून. आता त्या खरोखरच विसरतात. मुलीने घरातली एक खोली रिकामी करून तीन दोऱ्या बांधून दिल्या आहेत, पण चिठ्ठ्या आता कुठल्याही दोरीवर असतात, आणि खिडकी कधी कधी उघडी असते. मागच्या महिन्यात भेटायला गेले तर माझा हात हातात घेऊन बसल्या. चळवळ म्हणाल्या नाहीत, ताई म्हणाल्या. एल्स्पेथचा दगडावर आहे नं, असं विचारलं. मी फोनवरचा फोटो दाखवला. त्यांनी बोटाने ओळ वाचली आणि समाधानाने मान हलवली. दहा मिनिटांनी परत विचारलं, मी परत दाखवला, आणि दोन्ही वेळेला त्यांना तेवढाच आनंद झाला. मुलगी दारात उभी होती. म्हणाली, "मला तेव्हाच कळला होता ना?" मी म्हटलं, नाही. तेव्हा त्या बरोबर होत्या. तेव्हा विसरलं नव्हतं कोणी. तेव्हा मी लपवलं होतं. तिला हे किती पटलं माहीत नाही. बाईंच्या चांगल्या दिवसांतले तीन दिवस मी त्यांच्याकडून काढून घेतले, आणि त्यांच्याकडे ते फार उरलेले नव्हते, हे आता मोजता येतं.

तेव्हा वाचणाऱ्यांनो, एक मागणी आहे आणि ती तुमच्याकडेच आहे. घरातलं वयाने मोठं माणूस जेव्हा म्हणेल की माझ्याच हातून झालं असेल, माझंच डोकं चालत नाही, तेव्हा लगेच हो म्हणू नका आणि गोड आवाजात समजूतही घालू नका. आधी तुमचा फोन उघडा, तुम्ही काय पाठवलं ते बघा, तुमच्या कचऱ्याचा डबा उपसा. चूक तुमची निघाली तर त्यांच्यासमोर, आणि ज्यांच्यासमोर त्यांनी मान खाली घातली त्या सगळ्यांसमोर, 'मी केलं' असं म्हणा. तुम्हाला हे कोणाला तरी सांगायचं आहे. कोणाला, ते वाचता वाचता आठवलंही असेल. हे खाली ठेवा आणि त्यांच्या खोलीत जा.